सुहासिनीबाईंचा शिकारसल्ला

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या आसपासच्या डोंगरांत हरणाची शिकार सुरू होते नोव्हेंबर सरता सरता, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, आणि त्या दिवशी शाळांनासुद्धा सुट्टी असते. आपल्याकडे गणपतीची असते तशी. पण सोमवार हा नुसता मुहूर्त. खरा सण त्याआधी महिनाभर मर्लच्या दुकानात चालायचा. बंदुका, बूट, लोकरीच्या विजारी, थर्मास, कंदील आणि खोकल्याच्या गोळ्या असं सगळं एका छपराखाली विकणारं हे दुकान बेलफाँटच्या रस्त्यावर होतं. चौऱ्याऐंशी सालच्या त्या मोसमात तिथली सगळ्यात लांब रांग बंदुकांच्या काउंटरपुढे नव्हती. ती होती गल्ल्यापाशी, सुहासिनी दामलेपुढे.

सुहासिनी दामले, एम.एस्सी. केमिस्ट्री, पुणे. शुद्ध शाकाहारी. अंडं पोटात गेलंच तर केकमध्ये लपून. बंदुका तिनं पुसल्या होत्या, त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण झाडल्या कधी नव्हत्या, आणि जंगलात तिचं पाऊलही पडलं नव्हतं. तरी आडदांड दाढीवाले लोक तिच्यासमोर टोपी काढून उभे राहायचे आणि घसा साफ करून विचारायचे, "सू, यंदा वारा उत्तरेचा आहे म्हणतात. मी बसू कुठे?"

सू त्यांना सांगायची. ते ऐकायचे. आणि गंमत म्हणजे त्यांना हरणंही मिळायची.

हे घडलं कसं, ते सांगायला हवं. सुहासिनीचा नवरा उल्हास तिथल्या विद्यापीठात धातुशास्त्राचा प्रोफेसर. त्याच्यामागोमाग ती अमेरिकेत आली. पुण्यात असताना ती कॉलेजात शिकवायची, तास संपला तरी मुली शंका घेऊन तिच्या मागे जिन्यापर्यंत यायच्या. इथे आल्यावर तिला शंका विचारणारं कुणी उरलं नाही. पार्टीत लोक उल्हासला अर्थव्यवस्थेपासून टायरपर्यंत सगळं विचारायचे आणि तिला एकच विचारायचे, की फ्रोझन भेंडी कुठे मिळते. शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत तिनं 'मोसमापुरती मदत हवी' अशी पाटी पाहिली आणि मर्लच्या गल्ल्यावर जाऊन बसली.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तिला विचारलं, की बाई, माझे पाय गारठतात, काय करू? मर्ल मागे गोदामात होता. सुहासिनीला हरणाच्या शिकारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या एका माणसानं, न विचारता, पैसे देता देता तिच्या कानात कुजबुजून सांगितलं होतं, की मी लोकरीच्या मोज्याखाली बायकोचे रेशमी मोजे घालतो, आणि हे मी माझ्या सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाही. सुहासिनीनं गंभीर चेहरा केला आणि म्हणाली, "रेशमी घालून बघा. आतून." तो माणूस पुढच्या आठवड्यात परत आला, येताना दोन मित्रांना घेऊन.

तिथून तिला किल्ली सापडली. शिकारी माणूस आपली युक्ती दुसऱ्या शिकाऱ्याला मेला तरी सांगत नाही. पण युक्ती पोटात ठेवूनही त्याला चैन पडत नाही. मग ती तो गल्ल्यावरच्या परदेशी बाईला सांगतो, कारण ही काही आपलं हरीण मारायला येणार नाही. सुहासिनी ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या माणसाला द्यायची, कुणी सांगितली ते न सांगता. आपल्याकडे ह्याला इकडची काडी तिकडे करणं म्हणतात आणि असं करणाऱ्या बाईला चार शब्द सुनावतात. मर्लच्या दुकानात ह्यालाच अनुभव म्हणत.

थोडी भर तिचीही असायची. थंडीसाठी सुंठ-गुळाच्या गोळ्या ती घरून करून आणायची, त्या खिशात ठेवून लोक जंगलात जायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न हलता बसायचं कसं, असं विचारणाऱ्यांना ती मांडी घालायला शिकवायची. दुकानाच्या फरशीवर चांगले अडीचशे पौंडांचे गृहस्थ मांडी घालून बसलेत, गुडघे कडाकडा वाजताहेत आणि सुहासिनी वरून सांगतेय, "पाठ सरळ, मिस्टर ड्वाइट, पाठ सरळ," हे दृश्य पाहायला मर्ल गोदामातून मुद्दाम बाहेर यायचा.

घरी तिची मुलगी शरयू, वय वर्षं पंधरा, कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "आई, यू आर अ फ्रॉड. यू हॅव नेव्हर ईव्हन बीन कॅम्पिंग."

"पण बेटा, त्यांना हरणं मिळतात ना?"

"दॅट्स नॉट द पॉइंट."

शरयूचंच बरोबर होतं हे सुहासिनीला मनातून कळत होतं. कुणी एकानं जरी विचारलं असतं, की बाई, तू स्वतः किती मारलीस, तर सगळा डोलारा कोसळला असता. पण विचारणाऱ्याला तसं सुचत नव्हतं आणि ती आपण होऊन सांगत नव्हती. तिला ते फार आवडत होतं. लोक थांबून ऐकतात, मान डोलावतात, घरी जाऊन तसंच करतात. ह्या सुखासाठी माणसं राजकारणात जातात. सुहासिनीला ते खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्यांशेजारी मिळालं होतं, आणि ते गमवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

तर त्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हार्लन आला. हार्लन म्हणजे त्या भागातला शिकाऱ्यांचा भीष्माचार्य. चुनखडीच्या खाणीतून निवृत्त झालेला, सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. तो ज्या बुटांना नुसतं बरं म्हणेल ते बूट संध्याकाळपर्यंत संपायचे. बरोबर त्याचा धाकटा भाऊ गस होता आणि शेजारी ड्वाइट. तिघांची उत्तरेकडे डोंगरात तासाभराच्या अंतरावर एक लाकडी खोपी होती. तिथे ते दर वर्षी जायचे. आत्ताही तिकडेच निघाले होते, बंदुका घेऊन.

हार्लननं आपली जुनी बंदूक काउंटरवर ठेवली. "सू, मला तेलाचा त्रास आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मोठ्या शिंगांचा बक समोर आला. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, मी दगडासारखा बसलो होतो. तरी त्यानं नाक वर केलं आणि गेला. बंदुकीच्या तेलाचा वास आला त्याला. पेट्रोलसारखा वास असतो हा. दुसरं काय लावू?"

ह्यावर सुहासिनीला कुणीच काही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिची झोळी रिकामी होती. माहीत नाही, असं म्हणायची हीच वेळ होती. पण मागे रांग होती, रांगेतले सगळे कान टवकारून उभे होते आणि विचारणारा साक्षात हार्लन होता. तिची नजर आपल्या पर्सकडे गेली. पर्समध्ये शरयूच्या केसांसाठी न्यू जर्सीहून मागवलेली खोबरेल तेलाची बाटली होती.

"आमच्याकडे," ती म्हणाली, आणि हे मात्र अगदी खरं होतं, "शिवणयंत्राला हेच घालतात. पेट्रोलचा वास नाही. हरणाला वाटेल झाडावरचं फळ आहे."

हार्लननं बोटावर थेंब घेतला, हुंगला, बंदुकीच्या बोल्टला, म्हणजे मागच्या सरकत्या खिटीला, लावला. दुकान हीटरनं चांगलं ऊबदार होतं. बोल्ट असा सरकला की हार्लनच्या चेहऱ्यावर हसू आलं, जे त्या दुकानात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. "वेल," तो म्हणाला. मग गसनं आपली बंदूक पुढे केली, मग ड्वाइटनं. सुहासिनीनं तिन्ही बंदुकांना अगदी आतपर्यंत, सढळ हातानं, अभ्यंगस्नान घातलं. तिघे गेले. सुहासिनी दिवसभर हवेत होती. घरी जाताना तिनं गाडीत बाटली बाजूच्या सीटवर टाकली आणि विसरून गेली.

सोमवारी दुकान बंद होतं, कारण मर्लही रानात गेला होता. सकाळी सुहासिनी दूध आणायला निघाली. गाडीच्या काचेवर बर्फ साचलं होतं. ते खरवडून ती आत बसली, सीटवरची बाटली बाजूला करायला उचलली, आणि ती तिच्या हातात तशीच राहिली.

तेल थिजलं होतं. पांढरं, घट्ट, मेणासारखं. बाटली उलटी केली तरी ढिम्म हललं नाही.

आता हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस जन्माला यायचाय. पुण्यात डिसेंबर लागला की खोबरेलाची बाटली खिडकीत उन्हाला बसायची, नाहीतर बंबातल्या पाण्याच्या बादलीत पोहायची. सुहासिनीनं तर स्वतः मुलींना हे तेल कितीला वितळतं ते फळ्यावर लिहून दिलं होतं. पण इथल्या घरात बारा महिने हीटर किंवा उन्हाळा. इतक्या वर्षांत बाटली एकदाही थिजली नव्हती, आणि जे दिसत नाही ते माणूस विसरतो. एम.एस्सी. झालेला तर जास्तच विसरतो.

ती धावत घरात गेली. उल्हास आरशापुढे दाढी करत होता.

"उल्हास, खोबरेल थिजलं."

"मग गरम पाण्यात ठेव."

"अरे बाटलीतलं नाही. बंदुकीतलं."

उल्हासचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस ठेवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "कुणाच्या बंदुकीत?"

"हार्लनच्या. आणि गसच्या. आणि ड्वाइटच्या. आतली पिन मेणात रुतली असणार. चाप ओढला तरी बार उडणार नाही. वर्षभर वाट बघतात रे ती माणसं ह्या दिवसाची. आणि मी त्यांना केसांचं तेल लावून पाठवलंय."

"फोन कर."

"तिथे फोन नाही."

शरयू सुट्टीची झोपली होती. ती पांघरुणातूनच म्हणाली, "आय टोल्ड यू."

मर्लनं भेट दिलेलं भडक नारिंगी जाकीट सुहासिनीकडे होतं, त्याची चिठ्ठीही अजून निघाली नव्हती. शिकारीच्या मोसमात रानात जायचं तर नारिंगी हवंच, नाहीतर कुणी हरीण समजून गोळी घालायचा. उल्हासकडे तसं काही नव्हतं. त्यानं कपाट उचकून सत्यनारायणाच्या पूजेचं भगवं उपरणं काढलं आणि कोटावर गुंडाळलं.

"हे चालेल?"

"फ्लुरोसंट लागतं," सुहासिनी म्हणाली. सल्ला देण्याची सवय अशी सहज जात नाही. "तू गाडीतच बस."

रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे उद्याचं दुकान होतं. आज संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुलखाला कळणार. उद्या गल्ल्यासमोर कुणी उभं राहणार नाही, राहिलं तर फक्त पैसे द्यायला. हाय म्हणतील, थँक यू म्हणतील आणि जातील. परत फ्रोझन भेंडीवर यायचं.

पण वाट मात्र ती अचूक सांगत होती. "त्या पांढऱ्या चर्चच्या पुढे डावीकडे. हळू, इथे उतारावर ड्वाइटची गाडी घसरली होती. आता पूल येईल, लाकडी, त्याचा एक कठडा मोडका आहे." पूल आला. कठडा मोडका होता.

"तू इथे कधी आली होतीस?" उल्हासनं विचारलं.

"कधीच नाही."

खोपीच्या धुराड्यातून धूर निघत होता, पण आत कुणी नव्हतं. दाराला कुलूपही नव्हतं. उल्हासला तिथे सोडून सुहासिनी रानात शिरली, आणि शिरल्या शिरल्या तिचं काहीतरी बिनसलं. म्हणजे तिला आनंद व्हायला लागला. अगदी चुकीच्या वेळी, पण इलाज नव्हता. गल्ल्यामागे बसून दोन वर्षं ऐकलेलं एकेक झाड तिथे खरोखर उभं होतं. हार्लननं सांगितलेला झरा, अर्धा गोठलेला. गस नेहमी म्हणायचा तो वीज पडून फाटलेला पाइन. पावाच्या आकाराचा खडक. ती प्रत्येकापाशी थांबून, अय्या, तूच होय, असं मनात म्हणत पुढे जात होती. बर्फ घोट्यापर्यंत होतं, फांद्या मोडत होत्या, ती धापा टाकत होती. आवाज करू नये, सावकाश चालावं, दर थोड्या पावलांनी थांबावं, असं तिनं शंभर जणांना शिकवलं असेल. ते सगळं विसरून ती हत्तीसारखी चालत होती.

खडकापलीकडे झुडपात काहीतरी उठलं. तिला फक्त पांढरी शेपटी दिसली, ती उताराच्या वरच्या अंगाला उड्या मारत गेली.

मग वरून आवाज आला. टक्.

थोड्या वेळानं परत. टक्.

सुहासिनीनं डोळे मिटून घेतले. हा आवाज कशाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

वर हिमलॉकच्या झाडाखाली हार्लन बसला होता. मांडी घालून, पाठ सरळ. बंदूक मांडीवर आडवी होती आणि तो तिच्याकडे असा बघत होता, जसं घरचं कुत्रं अचानक चावलंय. सुहासिनीला बघून तो उठला नाही. उठता येईना, हे नंतर कळलं.

"सू," तो म्हणाला, "तो गेल्या वर्षीचाच होता. तूच माझ्याकडे हाकललास. असं हाकलणं मी जन्मात पाहिलं नाही. पण ही उडेना."

तेवढ्यात खालून गस आणि ड्वाइट चढत आले. गसचा बोल्टच उघडत नव्हता. ड्वाइटनं पहाटे तीनदा चाप ओढला होता, तीनदा टक् झालं होतं, आणि तो सकाळपासून देवाला विचारत होता की माझं काय चुकलं.

सुहासिनीनं जाकिटाच्या खिशातून बाटली काढली आणि उलटी धरली. काही पडलं नाही. तिघांनी ती पाहिली.

"चूक माझी," ती म्हणाली. "हे थंडीत गोठतं. मला माहीत होतं आणि मी विसरले. आणि अजून एक. मी कधी शिकार केलेली नाही. मी आज पहिल्यांदा जंगलात आलेय. मी मांस खात नाही. मी तुम्हाला जे जे सांगितलं ते सगळं दुकानात आलेल्या लोकांनी मला सांगितलेलं आहे. माझं त्यात काही नाही. सुंठीच्या गोळ्या माझ्या."

सुहासिनीला रडू येत होतं, पण गालांवर इतकी थंडी होती की रडायचीही सोय नव्हती. इतक्यात हार्लननं सावकाश मान वळवली आणि भावाच्या पायांकडे पाहिलं.

"गस," तो म्हणाला, "रेशमी मोजे कुणी सांगितले तुला?"

"सूनं."

"ते माझे आहेत. मी सांगितलं तिला. तुला सांगायचं नव्हतं म्हणून तिला सांगितलं."

गस लाल झाला. "आणि तू अंगाचा वास लपवायला जो सफरचंदाचा चोथा बुटांना लावतोस, तो कुणाचा? माझा. एवढी वर्षं मी तो तुझ्यापासून लपवून ठेवला."

"मग झऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं, हे?" ड्वाइटनं हळूच विचारलं.

"माझं," दोघे भाऊ एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघत राहिले.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणावं की काय, सुहासिनीला कळेना. तिघेही ओरडत होते. कुणी काय कुणाकडून चोरलं ह्याचा हिशोब तिथेच बर्फात चालला होता, आणि तो जुळत नव्हता, कारण हार्लनची एक युक्ती गसकडे जाऊन, तिथे सुधारून, ड्वाइटमार्गे परत हार्लनकडे आली होती आणि हार्लननं ती सूनं सांगितली म्हणून डोळे मिटून पाळली होती. हे लक्षात आल्यावर आधी ड्वाइट हसला. मग गस. मग हार्लन इतका हसला की मांडी सुटली आणि तो आडवा पडला. डोंगरातली उरलेली हरणं त्या वेळी शेजारच्या काउंटीत गेली असतील. सुहासिनीही हसायला लागली, हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं होतं ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

दोघांनी हात देऊन हार्लनला उभं केलं. त्यानं बर्फ झटकलं आणि बंदूक तिच्यापुढे धरली.

"मग आता काय करू हिचं?"

"मला काय विचारता? मी आत्ताच सांगितलं ना, मला काही येत नाही."

"तुला काय येतं ते कुणी विचारलं?" हार्लन म्हणाला. "लोक काय म्हणतात ते सांग."

सुहासिनीनं नाक पुसलं. आयुष्यभर तिला लोक काय म्हणतील ह्याची धास्ती घालण्यात आली होती. लोक काय म्हणतात हे कुणी इतक्या आदरानं विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. "जनावरांना फासे लावणारा एक जण दुकानात येतो," ती म्हणाली. "तो म्हणतो, कडाक्याच्या थंडीत तेलच लावू नये. सगळं सुटं करायचं, लायटरच्या इंधनानं धुवायचं, पुसून कोरडं करायचं आणि तसंच न्यायचं."

खोपीत उल्हास भगवं उपरणं गुंडाळून शेगडीपाशी चहा करत होता. त्याला पाहून गस दारातच थबकला, पण मग चहा घेऊन बसला. टेबलावर तीन बंदुका सुट्या झाल्या. उल्हासनं तापमान, घर्षण आणि पोलादाचं आकुंचन ह्यांवर सुरेख विवेचन केलं. सगळ्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सुहासिनीकडे बघून विचारलं, "बरोबर आहे का हा?" ती म्हणाली, "बरोबर आहे, पण आधी पिन पुसा." उल्हासचं दुपारचं लेक्चर बुडालं, आणि ते कुणालाच, अगदी उल्हासलाही, आठवलं नाही.

दुपारी हार्लन परत रानात निघाला तेव्हा तिला म्हणाला, "चल. आलीच आहेस तर बस."

हिमलॉकखाली दोघे बसले, मांडी घालून. आता तिला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ती बघत बसली. बर्फात सकाळच्या त्या बकाच्या खुरांचे ठसे होते. खडकाच्या बाजूनं आलेले, त्यांच्यासमोरून वर गेलेले, दोन बीचच्या झाडांमधून. तिनं ते पुन्हा पुन्हा पाहिले. रेशमी मोजे नसल्यामुळे पाय बधिर झाले होते. ऊन उतरायला लागलं होतं. आणि मग तो आला.

ती नेहमी लोकांना सांगायची, की बक दिसला की श्वास रोखा. इथे श्वास आपोआपच थांबला. तो खडकापाशी उभा होता, शिंगांवर थोडं बर्फ, नाकातून वाफ. कान एकेकटे फिरत होते. दोन वर्षं ती ह्याच्याबद्दल बोलत होती, त्याच्या वाटा, त्याचं नाक, त्याची भूक, आणि तिनं त्याला पाहिलेलंच नव्हतं. तो इतका मोठा आणि इतका नाजूक असेल असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांना ते सांगता आलं नसेल.

हार्लननं बंदूक खांद्याला लावली. ह्या वेळी ती उडणार होती. चापावर बोट ठेवून त्यानं एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं, जसा दुकानात पाहायचा तसा.

ह्यावर लोक काय म्हणतात, सुहासिनीला चांगलं ठाऊक होतं. खांद्यामागे नेम धर आणि घाई करू नकोस. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"थांबा," ती म्हणाली. अगदी हळू. "मला अजून बघायचंय."

हार्लन थांबला. बक त्यांच्या समोरून वर गेला, दोन बीचच्या मधे पोहोचला, तिथे थांबून त्यानं मागे वळून खालच्या उताराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पलीकडे उतरून दिसेनासा झाला.

हार्लननं बंदूक खाली केली. सुहासिनीला वाटलं, झालं. सकाळी जे जेमतेम वाचलं होतं ते आता आपण स्वतःच्या हातानं बुडवलं. वर्षभर वाट पाहिलेल्या माणसाला, समोर हरीण आलेलं असताना, मी थांबा म्हणाले. ह्याला काही क्षमा नाही. तिनं त्याच्याकडे बघायचंही टाळलं.

हार्लननं थर्मासमधली कॉफी टोपणात ओतली, एक घोट घेतला आणि टोपण तिला दिलं.

"मग उद्या?" तो म्हणाला. "उद्या कुठे बसू?"

तिनं उताराकडे पाहिलं. सकाळचे ठसे पाहिले, त्यांच्यावर पडलेले आत्ताचे ताजे ठसे पाहिले.

"इथे नाही," ती म्हणाली. "त्या दोन बीचच्या पलीकडे, वर. तो दोन्ही वेळा तिथूनच गेला. आणि तिथे थांबला की तो मागे बघतो, खाली. पुढे बघत नाही."

हार्लननं दाढी खाजवली. हे त्यानं इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं.

"असं कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"मी म्हणते," सुहासिनी म्हणाली.

हार्लननं मान डोलावली, तिच्या खांद्यावर हात ठेवून कष्टानं उठला, आणि जागा बघायला बीचच्या दिशेनं चढू लागला.